मटाराच्या दाण्याएवढी

वैजयंती देवस्थळी काही खात नव्हती आणि तरी तिचं पोट वाढत होतं. आता यावर कुणी विश्वास ठेवावा? खाणारी बाई जाड होते, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यातून गुडगावातल्या त्यांच्या नव्या सोसायटीत कुणावर विश्वास ठेवायचा आणि कुणावर नाही, हे ठरवायचं काम मिसेस गुलाटींकडे होतं. त्या एकदा बोलल्या की बाकीच्या बायका माना डोलवायच्या.

जानेवारीचे दिवस होते. सोसायटीच्या हिरवळीवर सतरंज्या पसरून बायका उन्हाला बसायच्या आणि मटार सोलायच्या. थोडेथोडके नव्हेत, वर्षभर फ्रीजरमध्ये पुरतील इतके. शेंगा सोलता सोलता माणसंही सोलून निघत.

"छुप-छुप के खाती है हमारी वैजंती," मिसेस गुलाटी म्हणाल्या. "हाथ-पैर देखो, सूखी लकड़ी. सारा माल पेट में!"

सगळ्या हसल्या. त्यात विखार नव्हता. दुसऱ्या दिवशी याच मिसेस गुलाटी कारल्याच्या रसाची बाटली घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि वैजयंतीने तो रस मुकाट्याने प्यायला. भर उन्हात ती दोन स्वेटर आणि वर शाल घेऊन बसते, तिच्या भुवया टोकाला विरळ झाल्यात, लिफ्ट बंद पडली की ती दोन जिन्यांमध्ये तीनदा टेकते, हे कुणी पाहत नव्हतं. पोट तेवढं दिसत होतं. आणि भूक? भूक तिला कित्येक वर्षांत लागलीच नव्हती. बारा वाजले की ती जेवायची, कारण बारा वाजलेले असायचे.

तिचा नवरा श्याम मानेसरला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघायचा. नाशिकहून इकडे येऊन त्यांना चार वर्षं झाली होती. २००४ सालचं गुडगाव म्हणजे एका बाजूला काचेची इमारत आणि दुसऱ्या बाजूला मोहरीचं शेत. वीज गेली की जनरेटरचा घरघराट आणि पाणी गेलं की टँकरची वाट. सकाळी कंपनीची बस गेटवरून श्यामला उचलायची, संध्याकाळी आणून टाकायची. मधला सगळा दिवस वैजयंतीचा, आणि त्या दिवसाचं काय करायचं हे तिला उमगायचं नाही.

कंपनीने बायकामुलांचीही तपासणी करून दिली, तेव्हा सोनोग्राफीत निघालं की वैजयंतीच्या लिव्हरवर चरबी चढलीय. तिथल्या डॉक्टरने तूप बंद केलं, तळण बंद केलं, आणि श्यामला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम ड्रिंक करती हैं?"

श्यामने घरी येऊन हा किस्सा हसत हसत सांगितला. "यार वैजू, तू आणि दारू! संक्रांतीचा तिळगूळ खाऊन तुला ॲसिडिटी होते."

ती हसली नाही. रागावलीही नाही. "अच्छा," म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

राग न येणारी बायको मिळणं याला काही नवरे भाग्य म्हणतील. श्याम म्हणत नव्हता. त्याने लग्न केलं होतं ते भेळेच्या दोन प्लेटा संपवून तिसरीकडे बघणाऱ्या, चिडली की भांडी आदळणाऱ्या मुलीशी. ती मुलगी कुठे गेली, हे त्याला कळत नव्हतं आणि विचारायचं कुणाला, हेही कळत नव्हतं.

आता मुख्य गोष्ट सांगायला हवी. या दोघांना एक मुलगी होती. होती म्हणजे आहे, तिचं नाव पूर्वी. पण ती नाशिकला, श्यामच्या मोठ्या बहिणीकडे, साधनाताईंकडे वाढत होती.

या मुलीच्या जन्माच्या वेळी बाळ सुखरूप बाहेर आलं आणि मागोमाग वैजयंतीला जो रक्तस्राव सुरू झाला तो थांबेना. रक्ताच्या बाटल्या चढवल्या, घरच्यांनी देव पाण्यात घातले, आणि ती वाचली. वाचली म्हणून पेढे वाटले गेले. त्या रात्री तिच्या डोक्याच्या आत काय मेलं, ते कुणालाच दिसलं नाही.

दूध आलंच नाही. अळिवाची खीर झाली, शतावरी झाली, खसखस झाली, डिंकाच्या लाडवांचे डबेच्या डबे रिकामे झाले. बाळ रडरड रडायचं आणि वैजयंती त्याला कोरडंच छातीशी धरायची. सासूबाई मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. "माया असली की पान्हा आपोआप फुटतो," त्या म्हणाल्या. "गाईला कळतं, बाईला कळू नये?"

हे वाक्य वैजयंतीने पदराला गाठ मारावी तसं ठेवून घेतलं. कारण तिला ते खरं वाटलं. बाळ मांडीवर दिलं की तिला फक्त त्याचं वजन जाणवायचं. थंडी वाजायची, झोप यायची, दुसरं काही होत नसे. आपल्यात मायाच नाही, अशी तिने स्वतःच्या मनाशी खूणगाठ बांधली आणि ही लाजिरवाणी गोष्ट ती कुणाजवळ बोलली नाही. श्यामजवळही नाही. पुढे पाळीही परत आली नाही, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सुटलीस, बरं झालं." मग तोही विषय मिटला.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. साधनाताईंनी वाकून "पूर्वी" म्हटलं, बायकांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घातले, आणि मूलबाळ नसलेल्या त्या बाईने बाळ जे उचललं ते खाली ठेवलंच नाही. "बाळंतीण उभी राहीपर्यंत मी नेते," त्या म्हणाल्या. बाळंतीण काही धड उभी राहिली नाही. पहिल्या वाढदिवसाला नारळ आणि खण ठेवून मुलगी त्यांच्या ओटीत घातली. कागद नव्हता, होम नव्हता. घरातल्या घरात, आपल्या माणसांत होतं तसं. त्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांना धार लागली. श्याम तर मोरीत जाऊन रडला. एकटी वैजयंती कोरडी. "दगड आहे दगड," सासूबाई कुणाला तरी म्हणाल्या, आणि तेही तिने ऐकलं.

मुलगी साधनाताईंना आई म्हणू लागली. मग ओघानेच श्याम मामा झाला आणि वैजयंती मामी. आपल्याच पोटच्या मुलीची मामी! सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं, आणि सगळे असे वागत होते की जणू कुणालाच ठाऊक नाही.

दर रविवारी नाशिकचा फोन यायचा.

"काय मामी, बरी आहेस?"

"बरी आहे. तू?"

"मस्त. आईला देते."

फोन ठेवल्यावर वैजयंती तिथेच बसून राहायची. बंद दारामागच्या खोलीत कुणीतरी रडतंय आणि आपल्याला आवाज तेवढा येतोय, असं काहीसं तिला व्हायचं. मुलगी परत हवी, हे तिला कळत होतं. पण कसं, तर उद्या गॅसचा नंबर लावायला हवा हे कळतं तसं. जीव तुटायला हवा, तो तुटत नव्हता. आणि ज्या बाईचा जीव तुटत नाही, जिला पान्हा फुटला नाही, तिने पोर परत मागायची तरी कुठल्या तोंडाने? म्हणून ती मागत नव्हती.

जानेवारी सरता सरता एका दुपारी वैजयंती मटाराची परात घेऊन उठली आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन हिरवळीवर कोसळली. दाणे चहूकडे उडाले. मिसेस गुलाटींनी तोंडावर पाण्याचा हबका मारला, स्वतःच्या गाडीत घातलं आणि ड्रायव्हरला शिव्या देत थेट दिल्लीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. रस्ताभर त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "मेरी ज़ुबान को आग लगे," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

साखर तळाला गेली होती, मीठ उतरलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी लिव्हरचे रिपोर्ट उलटेपालटे केले, मान हलवली आणि तिला वरच्या मजल्यावर हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. इतके दिवस आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललं होतं. आता पहिल्यांदा कुणीतरी आगीच्या दिशेने बोट केलं.

या डॉक्टर भानुमती नावाच्या, बुटक्याशा, सुती साडीतल्या. त्यांनी तूप विचारलं नाही, तळण विचारलं नाही. लिव्हरचा फोटो बाजूला सारून म्हणाल्या, "बच्चे?"

वैजयंतीने श्यामकडे पाहिलं. या प्रश्नाला ती नेहमी "नहीं" म्हणायची. मिसेस गुलाटींनाही तेच सांगितलेलं होतं.

"एक," श्याम म्हणाला. "बेटी."

"डिलिवरी में ख़ून बहुत गया था?"

"जी."

"और दूध? दूध उतरा था?"

दहा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी असा विचारला नव्हता. सासूबाईंनी टोमणा मारला होता, शेजारणींनी लाडू दिले होते. पण ताप किती, खोकला कधीपासून, तशा सुरात विचारलं ते या परक्या बाईनेच.

"नहीं," वैजयंती म्हणाली. "एक बूँद नहीं."

"महीना? उसके बाद कभी आया?"

"नहीं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग डोक्याचा फोटो काढला गेला. त्यांनी तो काचेवर लावला आणि पेनाच्या टोकाने मधोमध एक जागा दाखवली. मेंदूच्या तळाशी प्रत्येकाला मटाराच्या दाण्याएवढी एक ग्रंथी, गाठच म्हणा, असते, त्यांनी सांगितलं. शरीराला सगळे हुकूम तिथून सुटतात. दूध कधी उतरवायचं, भूक कधी लावायची, अंग किती ऊबदार ठेवायचं. आणि लिव्हरने चरबी साठवायची की जाळायची, तेही. गरोदरपणी ती फुगते, तिला जास्त रक्त लागतं. नेमकं तेव्हाच रक्त वाहून गेलं, तर बिचारी सुकून जाते. वैजयंतीच्या फोटोत ती जागा जवळजवळ रिकामी होती.

"पीयूषिका," वैजयंती पुटपुटली. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीला हेच नाव होतं. तिने ते पाठ केलं होतं, पाचपैकी पाच मार्कही मिळवले होते.

श्यामला सगळं लगेच कळलं. कारखान्याचा माणूस तो. "म्हणजे असं बघ वैजू," तो घाईघाईने मराठीत म्हणाला, "गोडाऊनमध्ये माल येतोय, पण वरून डिस्पॅचची ऑर्डरच सुटत नाहीये. मग गोडाऊन भरणारच ना? आणि आपण काय करत होतो, तर गोडाऊन-कीपरला झापत होतो!"

वैजयंतीचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती डॉक्टरांकडे पाहत होती. तिचं हिंदी कामापुरतं होतं, पण तिने शब्द जुळवले.

"डॉक्टर, तो... माया नहीं थी, इसलिए दूध नहीं आया, ऐसा नहीं है?"

डॉक्टरांना आधी समजलंच नाही. मग समजलं.

"किसने कहा आपसे?" त्या म्हणाल्या. "दूध का हुक्म जहाँ से निकलता है, वही जगह मर गई थी. आप माँ होकर क्या कर लेतीं? उस हालत में आप ज़िंदा रहीं, यही बहुत है."

वैजयंतीने मान हलवली. रडायला हवं होतं. तिला रडू आलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. सकाळची एक, ती कधीही चुकवायची नाही, कितीही बरं वाटलं तरी, हे डॉक्टरांनी तीनदा बजावलं. चरबीसाठी एक महागडं इंजेक्शनही असतं, ते पुढे बघू. आधी ही गोळी, ही दुसरी थायरॉइडची, आणि रोज चालणं.

आठवडा झाला नसेल. वैजयंती दुपारी ओट्याशी उभी होती आणि पोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं. ती घाबरली. पुन्हा चक्कर येते की काय म्हणून तिने ओट्याची कड धरली. चक्कर आली नाही. ओढ मात्र वाढली, तोंडाला पाणी सुटलं, आणि मग तिला कळलं की ही भूक. भूक! तिने सकाळचे उरलेले पोहे उभ्यानेच खाल्ले, मग कच्चे मटार मुठीने खाल्ले, मग पोळीवर तूप घेतलं आणि तूप बंद आहे हे आठवून पोळी तशीच खाल्ली. संध्याकाळी श्याम बसमधून उतरून घरी आला तर ही डब्यात हात घालून उभी.

"अहो, येताना भेळ आणायची ना," ती चिडून म्हणाली. "रोज आपलं हात हलवत यायचं!"

ती चिडली हे पाहून श्यामच्या डोळ्यांत पाणी आलं. तो बूट न काढता परत खाली गेला आणि गुडगावात मिळेल तसली भेळ घेऊन आला. अगदीच बेचव होती. तिने दोन पुडे संपवले.

मग हळूहळू अंगात ऊब आली. एक स्वेटर उतरला, मग दुसरा. आणि ऊब आल्यावर, थंडीने बधिर झालेली बोटं शेकताना ठणकू लागतात ना, तसा वैजयंतीचा जीव ठणकू लागला. तिला वाटलं होतं, बरं होणं म्हणजे बरं वाटणं. छे! सकाळी शाळेची बस गेटवर यायची, दोन वेण्या घातलेल्या मुली पायऱ्या चढायच्या, आणि वैजयंतीला वरच्या बाल्कनीत कठडा धरून उभं राहावं लागायचं. पूर्वीचं पहिलं पाऊल तिने पाहिलं नव्हतं. पहिला दात, पहिला ताप, शाळेचा पहिला दिवस, काही काही पाहिलं नव्हतं. बंद दार उघडलं होतं आणि आत दहा वर्षं रडत असलेलं माणूस ती स्वतःच होती.

"मला पूर्वी हवीय," एकदा चहा पिताना तिने श्यामला सांगितलं. "मामी म्हणून नाही."

श्यामने कप खाली ठेवला. "वैजू, ताईला काय सांगणार आपण? की चलो, आता तब्येत सुधारली, द्या परत? ती काय उसनी दिलेली वाटी आहे?"

"मी दिली तेव्हा मी मी नव्हते."

"ते मला कळतं. ताईला कळेल. पण पोरीला?"

"या गोळ्या बंद केल्या ना, की बरं वाटेल मला," ती म्हणाली. श्यामने दचकून पाहिलं, तेव्हा ती हसली. पण पूर्ण थट्टेने म्हणाली नव्हती. गोळी नव्हती तेव्हा भूक नव्हती, आणि हे दुखणंही नव्हतं. त्याच रविवारी फोनवर ती साधनाताईंना म्हणाली, "मे महिन्यात पूर्वीला घेऊन या. तुम्ही दोघी या."

दोघी आल्या. दिल्लीच्या मे महिन्यात कोण शहाणं माणूस येतं? पण आल्या. पूर्वी हडकुळी, उंच, भुवया दाट. वैजयंतीच्या लग्नाच्या वेळी होत्या अगदी तशा. तिने सामान ठेवलं, कूलरसमोर फतकल मारली आणि पहिला प्रश्न केला, "मामी, खायला काय आहे?" वैजयंतीने इतके पदार्थ करून ठेवले होते की साधनाताई डबे मोजतच राहिल्या.

साधनाताई साठीच्या घरात आल्या होत्या. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले होते. त्या वैजयंतीच्या चेहऱ्याकडे, परत आलेल्या भुवयांकडे, गालावरच्या रंगाकडे बघत राहिल्या. श्यामने फोनवर त्यांना सगळं सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी श्याम पोरीला मॉलमधले सरकते जिने दाखवायला घेऊन गेला, तेव्हा कैरीचं पन्हं गाळता गाळता त्यांनी विचारलं, "मागायला बोलावलंस ना?"

वैजयंतीला खोटं बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली.

साधनाताईंनी गाळणी खाली ठेवली. "आईला तेव्हा मीच गप्प बसवायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "पान्हा आणि माया. मला तरी कुठे पान्हा फुटला होता? मीही बाटलीनेच वाढवली तिला. मला कुणी दगड म्हणालं नाही."

हे वैजयंतीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. पन्ह्याला मुंग्या लागल्या.

"मी नाही म्हणणार नाही," शेवटी साधनाताई म्हणाल्या. "हो म्हणायचंही बळ नाही माझ्यात. तूच विचार तिला. तिला ठाऊक आहे सगळं. मागच्या वर्षी एका लग्नात कुणीतरी बोललं, तेव्हापासून गप्प आहे."

संध्याकाळी लूचा तापलेला वारा जरा पडला. पूर्वी बाल्कनीत कठड्याला लोंबकळून खालचं क्रिकेट बघत होती. वैजयंती तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. काय विचारायचं ते तिने दिवसभर घोळवलं होतं. इथे राहशील का, एवढंच. पण पोर तिच्याआधी बोलली.

"मामी, एक विचारू? मला आईला दिलं ना, तेव्हा तू रडली होतीस?"

तिने मान वळवली नव्हती. खाली कुणीतरी आउट झालं, पोरं ओरडली.

"नाही," वैजयंती म्हणाली.

पूर्वीने कठड्यावरचा हात काढून घेतला. "मामा रडला. आई सांगते."

"हो. सगळे रडले. मला रडता येत नव्हतं, बाळा." मग तिने सांगितलं. मटाराच्या दाण्याएवढी गाठ, ती सुकली ते. भूक नाही, ऊब नाही, दूध नाही, राग नाही, काहीच कसं उरलं नाही ते. पोर नीट ऐकत होती. विज्ञान तिचा आवडता विषय होता. सांगता सांगता वैजयंतीचा आवाज फाटला, आणि तिला काही कळायच्या आत रडू फुटलं. साधं नाही, हमसून हमसून. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. ज्या दिवशी रडायचं होतं त्या दिवसाचं रडणं आज, पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीत, मिसेस गुलाटी समोरच्या खिडकीतून टक लावून बघत असताना, येत होतं.

पूर्वी घाबरली. मग जवळ सरकली आणि तिने मामीच्या पाठीवरून हात फिरवला.

"हे गोळीमुळे होतंय?" तिने हळूच विचारलं.

"गोळीमुळे रडता येतंय," वैजयंती म्हणाली. "रडू जुनंच आहे."

खालचा खेळ संपला, मुलं स्टंप उपटून घरी गेली.

"मामी, मी नाशिकलाच राहणार," पूर्वी म्हणाली. "आई एकटी पडेल. बाबा पण नाहीत आता. आणि माझी शाळा आहे, सगळं तिकडेच आहे. चालेल ना?"

वैजयंतीला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं. काळजात कळ उठली, आणि ती सगळीच्या सगळी तिला जाणवली.

"चालेल," ती म्हणाली.

दोघी परत गेल्या. निजामुद्दीनला गाडी हलली तेव्हा पूर्वी खिडकीच्या गजातून हात हलवत होती आणि साधनाताई पदराने डोळे पुसत होत्या. श्याम गाडीबरोबर थोडं पळाला. वैजयंती जागची हलली नाही. घरी आल्यावर तिने पोरीने उष्टा ठेवलेला पन्ह्याचा पेला दुसऱ्या दिवसापर्यंत धुतला नाही.

त्यानंतरची एक सकाळ. श्यामची बस गेली होती. टेबलावर गोळ्यांची पट्टी होती, शेजारी पाणी. वैजयंतीने पट्टी हातात घेतली आणि तशीच बसली. ही गोळी ठेवून दिली तर? उद्याची ठेवली, परवाची ठेवली, तर हळूहळू सगळं पुन्हा पहिल्यासारखं होईल. भूक जाईल, ऊब जाईल, छातीतला हा ठणका जाईल. जीव धोक्यात येईल असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, पण या घडीला तिला ती धमकी वाटेना. नाहीतरी मुलगी येणार नव्हती. मग रोज सकाळी उठून हे दुखणं आपल्या हाताने गिळायचं कशाला?

फोन वाजला. रविवार नव्हता.

"मामी? मी बोलतेय. गोळी घेतलीस का?"

वैजयंतीने हातातल्या पट्टीकडे पाहिलं. "घेते," ती म्हणाली. "तू शाळेचं आवर. सुट्टी आहे होय? अगं मग झोपायचं सोडून..."

"मुद्दाम उठले. रोज विचारणार आहे. विसरायचं नाही हं अजिबात."

"नाही विसरत."

"नाहीतर..." पोर तिकडे अडखळली. मग एका दमात म्हणाली, "नाहीतर तुला परत माझी आठवण यायची बंद होईल."

वैजयंतीने डोळे मिटले. पोरीला यायचं नव्हतं. पण तिच्यासाठी दूर गुडगावात कुणीतरी झुरत राहायला हवं होतं, दहा वर्षांत कुणी झुरलं नाही ते आता झुरायला हवं होतं. हे तिने मागितलं होतं. आजवर तिने मामीकडे काही मागितलं असेल, तर एवढंच.

"थांब, फोन ठेवू नकोस," वैजयंती म्हणाली. तिने पट्टीतून गोळी काढली, जिभेवर ठेवली आणि पाण्याचा घोट घेतला, पलीकडे ऐकू जाईल असा.

"घेतलीस?"

"घेतली."

"हं," पूर्वी समाधानाने म्हणाली. "दिवाळीला ये मग." आणि तिने फोन ठेवला.

वैजयंती रिसीव्हर हातात धरून बसून राहिली. खाली शेजारच्या टॉवरचं काम सुरू झालं होतं, वाळूचा ट्रक मागे येत होता. जीव तुटत होता, अगदी तुटायला हवा तसा. थोड्या वेळाने तिला सडकून भूक लागली आणि ती पोहे भिजवायला उठली.